‘कोणतं बोट?’ : दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममधली नोकरी आणि तिचं शिक्षण

(रेकॉर्डिंगचं लिखित रूप. बोलण्यातले अडखळे आणि मध्येच आलेला प्रेशर कुकरचा आवाज काढलाय, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

आज पाहुणे कोणी नाहीत, मी एकटाच आहे. बजाजनगरमधल्या घरूनच रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मागे कंपनीच्या बसचा हॉर्न ऐकू आला तर समजून घ्या, दुसरी पाळी सुटायची वेळ आहे.

बऱ्याच दिवसांपासून एकाच प्रकारचा मेसेज येतोय. ‘दादा, बारावी सायन्स झालंय, नीटमध्ये काही जमलं नाही, नर्सिंग करायचं नाही. मोहटादेवी चौकात एक बोर्ड पाहिला, मेडिकल कोडिंगचा कोर्स, तीन महिन्यांत नोकरी. करू का?’ प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचा कंटाळा आला, खरं सांगतो. म्हणून हा भाग.

आधी एक सांगतो, मी या क्षेत्रातला नाही. मी बीटेक केलेला सॉफ्टवेअरवाला माणूस. पण तीन वर्षं पुण्यात दवाखान्यांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये होतो, आणि माझ्या मावशीची मुलगी हेच शिकून आता नोकरीला लागलीय. आणि तिसरं कारण आमच्या पप्पांचं बोट. तिथूनच सुरू करतो.

पप्पा आष्टी तालुक्यातून इकडे आले. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ ला सुरू झाला, त्याच्याभोवती पार्ट पुरवणाऱ्या छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्याभोवती आमचं बजाजनगर. पप्पा अशाच एका छोट्या कंपनीत प्रेस शॉपला. ज्यांच्या घरी प्रेस शॉपचं माणूस आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पत्रा डायवर ठेवायचा, हात काढायचा, प्रेस खाली येतो. दिवसातून हजारदा. एकदा हात काढायला उशीर झाला. २०११ साल, मी नववीत होतो. डाव्या हाताची तर्जनी, म्हणजे अंगठ्याजवळचं बोट, दोन पेरं गेली.

ऑपरेशन चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. त्या दवाखान्याचं नावही घेणार नाही. पण डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत लिहून आलं, डाव्या हाताची ‘रिंग फिंगर’. म्हणजे करंगळीजवळचं. घरात कोणी वाचलंच नाही. वाचलं असतं तरी मला तेव्हा एवढंच वाटलं असतं की जाऊ दे, बोट तर गेलंच आहे, कागदावर काय लिहिलंय त्यानं काय होतंय?

होतं. तेव्हा कर्मचारी राज्य विमा कायदा होता ना, आपण ज्याला ईएसआय म्हणतो, त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कोणता अवयव गेला तर कमावण्याची क्षमता किती टक्के गेली असं धरायचं याचा तक्ता होता. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. दोन पेरं गेली तर ११. करंगळी किंवा तिच्याजवळचं बोट पूर्ण गेलं तरी ७, आणि दोन पेरं गेली तर ६. या टक्क्यांवर कायमच्या अपंगत्वाची रक्कम ठरते आणि ती दर महिन्याला, आयुष्यभर मिळते. म्हणजे ११ की ६, हा फरक कामगाराच्या घरात जन्मभराचा किराणा आहे.

आता मेडिकल बोर्डासमोर माणूस प्रत्यक्ष उभा असतो, हात दिसतो. पण हात एक सांगतोय आणि कागद दुसरंच. मग प्रश्न येतो की हे बोट त्या अपघातात गेलं की आधीच गेलं होतं? साहेबांचंही चूक नाही, त्यांना कागद जुळवायला लागतात. ‘दुरुस्ती करून आणा.’ झालं. सात महिने. पप्पा एक दिवसाची रजा टाकायचे, दवाखान्यात जायचे, खिडकीवरचा माणूस म्हणायचा फाइल सापडत नाही, पुढच्या आठवड्यात या.

सातव्या महिन्यात खिडकीवर एक वेगळे काका बसलेले होते. त्यांनी पप्पांना एकच विचारलं. ‘कंपनीतला अपघात ना? मग पोलिसांना कळवलं असेल. एमएलसी झाली होती का?’ पप्पांना एमएलसी म्हणजे काय माहीत नव्हतं. काकांनी आयपीडी नंबरचा नादच सोडला. एमएलसीचं वेगळं रजिस्टर असतं, ते काढलं, तारखेवरून ओळ शोधली, तिथून फाइल. फाइल दुसऱ्याच गठ्ठ्यात होती. आत ऑपरेशन नोट होती, त्यात स्पष्ट लिहिलेलं, ‘इंडेक्स फिंगर’. एक्स-रेचा रिपोर्टही तसाच. चूक फक्त डिस्चार्ज कार्ड लिहिणाऱ्याची. काकांनी दोन्ही कागद पुढे ठेवून डॉक्टरांकडून दुरुस्ती करून घेतली, सही-तारखेसह. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. जुनी नोंद एका रेघेनं कापायची, ती वाचता आली पाहिजे, आणि शेजारी नवीन. वीस मिनिटांचं काम.

तर मंडळी, ते काका म्हणजे मेडिकल रेकॉर्ड टेक्निशियन. तुम्ही जे करिअर विचारताय ते हे.

आता मजा ऐका. मी इंजिनिअर झालो, पुण्यात नोकरी लागली, योगायोगानं दवाखान्याच्याच सॉफ्टवेअरवर काम. आणि मी काय केलं? डॉक्टरांनी निदान निवडायची एक यादी असते, ड्रॉपडाउन. त्यात हजारो नावं. डॉक्टर वैतागतात म्हणून मी सगळ्यात वर ‘इतर’ टाकलं. मला वाटलं किती हुशारी केली. महिन्याभरानं त्या दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागातल्या मॅडमनी आम्हाला बोलावलं आणि रिपोर्ट समोर ठेवला. सगळ्यात जास्त पेशंट कोणत्या आजाराचे? ‘इतर’चे. दुसऱ्या नंबरवर? अंगदुखी, कारण ते अक्षरानुक्रमे वर येत होतं. मॅडम म्हणाल्या, ‘तुमच्या सॉफ्टवेअरप्रमाणे आमच्याकडे या पावसाळ्यात डेंग्यू झालाच नाही.’ मला अजून आठवलं की कान गरम होतात. (हसतो.)

त्या दिवसापर्यंत मला वाटायचं की रेकॉर्ड रूम म्हणजे जुन्या जमान्याची गोष्ट, सगळं डिजिटल झालं की ही माणसं लागणार नाहीत. अजूनही माझे बरेच मित्र असंच म्हणतात. पण यंत्रात टाकायच्या आधी ती फाइल कोणीतरी वाचायला लागते. आणि फाइल वाचणं ही शिकायची गोष्ट आहे, ती आपोआप येत नाही.

मग शिकवतात काय? बहिणीच्या पुस्तकांवरून आणि तिच्याशी झालेल्या गप्पांवरून सांगतो. तिनं बीएस्सी केल्यावर शहरातल्या एका दवाखान्याशी जोडलेला दोन वर्षांचा डिप्लोमा केला.

पहिले काही महिने शरीररचना आणि डॉक्टरी शब्द. ‘इटिस’ आलं की सूज, ‘एक्टॉमी’ आलं की काढून टाकणं, असे ग्रीक-लॅटिन तुकडे. हे कंटाळवाणं वाटतं पण यावाचून पुढचं काहीच कळत नाही. मग फाइल जुळवणं. पेशंट घरी गेला की फाइल वॉर्डातून खाली येते, तिच्यात संमतीपत्रावर सही आहे का, ऑपरेशन नोट आहे का, भूल देणाऱ्याची नोंद आहे का, प्रत्येक पानावर नाव आणि नंबर आहे का, हे पान पान बघायचं. जे नाही त्याची यादी करून फाइल परत डॉक्टरांकडे. बहीण म्हणायची, ‘दादा, अर्धं काम तर मोठ्या माणसांना न चिडवता सही मागायचं आहे.’ हे कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेलं नसतं.

मग फायली लावायची पद्धत. हे मी जरा सांगणारच, कारण हे ऐकून मी उडालोच. मोठ्या रेकॉर्ड रूममध्ये फायली एक, दोन, तीन अशा क्रमानं लावत नाहीत. नंबर समजा १४-२७-६३ असेल तर आधी शेवटचे दोन आकडे बघायचे, ६३. रूमचे शंभर भाग केलेले असतात, ०० ते ९९. ही फाइल ६३ च्या भागात. त्यात मग मधला आकडा, २७. मग १४. याला टर्मिनल डिजिट पद्धत म्हणतात. का? सरळ क्रमानं लावल्या तर रोजच्या नवीन फायली सगळ्या शेवटच्याच रॅकला येणार, तिथेच गर्दी, जुन्या रॅकला सगळं रिकामं होत जाणार. शेवटच्या आकड्यावर लावलं की नवीन फायली शंभर भागांत सारख्या वाटल्या जातात, प्रत्येक माणसाला काही भाग वाटून देता येतात. फायलींच्या कडेला रंगाच्या पट्ट्या असतात, चुकीच्या जागी गेलेली फाइल लांबूनच रंगावरून कळते. आता ऐकणाऱ्यांत कोणी कॉम्प्युटरवाले असतील तर त्यांच्या लक्षात आलं असेल, हे तर हॅश टेबल आहे! आम्हाला सेकंड इयरला एवढी थिअरी घोकायला लावली, आणि इथे लोक ते लाकडी रॅकवर करतायत.

त्यानंतर येतं कोडिंग. आमचं पायथॉन, जावावालं नाही, बरं का. आजाराला आकडा द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेचं वर्गीकरण आहे, आयसीडी. त्याचं मूळ १८९३ साली बर्टिलाँ नावाच्या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञानं केलेल्या मृत्यूच्या कारणांच्या यादीत आहे. १९४८ पासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. आपल्याकडे शिकवतात ती दहावी आवृत्ती, आयसीडी-१०. अकरावी आवृत्ती २०२२ च्या १ जानेवारीपासून लागू झालीय, ती मुळातच कॉम्प्युटरसाठी बनवलेली आहे आणि इंटरनेटवर फुकट बघता येते. शिकायचं असेल तर आजच उघडून बघा, त्याला कुठल्या क्लासची फी लागत नाही.

आयसीडी-१० चे तीन खंड असतात. तिसरा खंड म्हणजे अनुक्रमणिका, अक्षरावरून शोधायची. पहिला खंड म्हणजे खरी यादी. दुसऱ्यात नियम. आणि पहिला धडा हा, की तिसऱ्या खंडात कोड सापडला म्हणून तो लिहून मोकळं व्हायचं नाही. पहिल्या खंडात जाऊन बघायचं, तिथे ‘हे यात धरू नये’ अशा टिपा असतात. बहीण सांगते, नवीन मुलं नव्वद टक्के वेळा इथेच फसतात. (ते नव्वद टक्के तिचे आहेत हं, कुठल्या अभ्यासातले नाहीत.)

आता आपल्या भागातलं उदाहरण घेऊ. गंगापूरकडून शेतात साप चावलेला माणूस आला. विषाचा कोड टी ६३.०. पण तेवढ्यानं काम होत नाही, कशामुळे झालं याचा वेगळा कोड लागतो, एक्स २०, विषारी सापाचा संपर्क. आणि त्याच्यापुढे कुठे झालं, तर शेतात, म्हणून ७. दुसरा माणूस एमआयडीसीतून आला, प्रेसमध्ये बोट तुटलेलं. एस ६८.१, अंगठा सोडून एक बोट तुटणं. कारणाचा कोड डब्ल्यू ३१, यंत्राचा संपर्क. जागा कारखाना, म्हणून ६. डब्ल्यू ३१.६. हे तीन-चार आकडे प्रत्येक दवाखान्यानं नीट टाकले तर वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा इथे वर्षाला किती बोटं जातात, हे कुणाला विचारत फिरायची गरज नाही, बटण दाबलं की कळेल. शेवटचा ६ टाकायचा कंटाळा केला तर तीच बोटं घरातल्या मिक्सरमध्ये गेली की कारखान्यात, काही कळणार नाही.

पण यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. एस ६८.१ मध्ये कोणतं बोट हे येतच नाही. तर्जनी असो की करंगळी, कोड एकच. डावा हात की उजवा, तेही नाही. अमेरिकेत याच आयसीडीची त्यांनी स्वतःची वाढीव आवृत्ती केली, २०१५ च्या १ ऑक्टोबरपासून तिकडे ती वापरतात. जागतिक यादीत साधारण चौदा हजार कोड आहेत, त्यांच्याकडे सत्तर हजारांच्या आसपास. त्यात उजवी तर्जनी, डावी तर्जनी, सगळे वेगळे कोड. म्हणजे इथे चौकातल्या क्लासमध्ये बसून आपला पोरगा अमेरिकेतल्या माणसाचं कोणतं बोट तुटलं ते बारकाईनं लिहायला शिकतो. आणि पप्पांच्या फाइलमध्ये कोणतं बोट ते शब्दांतच नीट लिहिलेलं असलं पाहिजे, कारण कोड ते वाचवणार नाही.

म्हणून त्या बोर्डाबद्दल. मेडिकल कोडिंग नावाखाली जे विकतात ते बहुतेक वेळा अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या बिलांचं काम असतं. ते वाईट नाही. पुणे, हैदराबाद, चेन्नईला त्याच्या कंपन्या आहेत, सीपीसी नावाची एक अमेरिकन परीक्षा असते, लाइफ सायन्सची मुलं त्यात चांगली टिकतात. पण ती नोकरी वेगळी. तिथे पेशंट दिसत नाही, खिडकी नाही, रजा टाकून आलेला कामगार नाही. दोन्हींत काय हवंय ते ठरवा आणि मग फी भरा.

तीन महिन्यांचं गणित करून दाखवतो. २०२१ साली संसदेनं एक कायदा केला, राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा. त्याआधी या कामांना धड ओळखच नव्हती. त्यात दहा गट केलेत, त्यातला एक आरोग्य माहिती व्यवस्थापनाचा. आणि टेक्निशियनच्या पातळीच्या डिप्लोमा-पदवीला किमान दोन हजार तास, दोन ते चार वर्षांत पसरलेले, असं म्हटलंय. दोन हजार तास म्हणजे रोज आठ तास धरले तर अडीचशे दिवस. चौकातला क्लास रोज दोन तास, एक रविवार सोडला नाही तरी तीन महिन्यांत होतात एकशे ऐंशी. बाकीचे अठराशे वीस तास कुठे गेले, हे विचारा. नुसतं सर्टिफिकेट चकचकीत असून भागत नाही.

सरकारचेही कोर्स आहेत. केंद्राच्या आरोग्य खात्यात सेंट्रल ब्युरो ऑफ हेल्थ इंटेलिजन्स म्हणून विभाग आहे, आयसीडीचं देशातलं काम तेच बघतात. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय, पुद्दुचेरीचं जिपमर अशा ठिकाणी त्यांचं मेडिकल रेकॉर्डचं प्रशिक्षण बरीच वर्षं चाललंय, टेक्निशियनचं सहा महिन्यांचं आणि ऑफिसरचं वर्षाचं. पुण्यात सी-डॅकमध्ये इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र आहे. कॉलेज कुठलंही असो, मी एकच प्रश्न विचारायला सांगतो, खऱ्या रेकॉर्ड रूममध्ये किती महिने बसवणार? उत्तर गुळमुळीत आलं तर उठून या.

पगाराचं खोटं सांगणार नाही. सुरुवातीचा पगार आपल्या इथल्या कंपनीतल्या कंत्राटी मुलापेक्षा फार वेगळा नसतो. मावशीनं तर सरळ विचारलं, ‘एवढं शिकून तू कारकून होणार?’ फरक पुढे पडतो. दवाखान्याला एनएबीएच हवं असेल तर रेकॉर्ड नीट लागतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा, आयुष्मानचा दावा पास व्हायचा तर कागद पूर्ण लागतात, एक नोट नसली की पैसे अडकतात. मालकाचे पैसे अडकायला लागले की रेकॉर्ड रूममधल्या माणसाची किंमत कळते. हे जरा कडवट बोललो, पण बघितलेलं आहे.

आणि कॉम्प्युटर सगळं खाऊन टाकेल का? २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. देशातलं सगळ्यात नावाजलेलं रुग्णालय, आणि बरेच दिवस ओपीडी, दाखले, रिपोर्ट सगळं हातानं लिहून चाललं. त्या दिवसांत कोणाला विचारत असतील लोक, सांगा बरं?

एक अवघड गोष्ट राहिली, मृत्यूचा दाखला. दवाखान्यात माणूस गेला की डॉक्टर कारणाचा फॉर्म भरतात, नमुना ४. त्यात ओळी असतात. पहिल्या ओळीत शेवटी काय झालं, त्याखाली ते कशामुळे, त्याखाली ते कशामुळे. आपल्याकडे पुष्कळदा एकच ओळ भरतात, ‘हृदय व श्वसन बंद पडले’. अहो, मेल्यावर सगळ्यांचंच बंद पडतं. ते कारण नाही, ती मरण्याची पद्धत झाली. खरी नोंद अशी की सेप्टिक शॉक, तो आतडं फाटल्यामुळे, ते टायफॉइडमुळे. मग मोजायचा आजार कोणता? सगळ्यात खालचा, टायफॉइड. म्हणजे पाण्याची पाइपलाइन बघायची की हृदयरोगाचं शिबिर घ्यायचं, हे त्या खालच्या ओळीवर ठरतं. टेक्निशियन ती ओळ स्वतः भरू शकत नाही, भरायचीही नाही. पण रिकामी आहे म्हणून परत पाठवू शकतो.

बहिणीला हे शिकताना सगळ्यात जड काय गेलं माहितीये? कोड नाही. गप्प बसणं. प्रॅक्टिकलला असताना एके दिवशी हातात फाइल आली आणि नाव ओळखीचं. आपल्या बजाजनगरमधलंच. आता इथे कॉलनी ती केवढी, वरच्या मजल्यावर भाजीला फोडणी दिली तर खालच्यांना कळतं. ती घरी आली, जेवली नाही नीट. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, ‘दादा, काही नाही.’ दोन वर्षं झाली, मला अजूनही माहीत नाही कोणाची फाइल होती आणि त्यात काय होतं. एचआयव्हीसारख्या गोष्टी फोडल्या तर २०१७ चा कायदा आहे, डिजिटल माहितीसाठी २०२३ चा आहे. पण ती कायद्याला घाबरून गप्प बसली असं मला वाटत नाही.

हां, आणि उलटही लक्षात ठेवा. ज्याची फाइल त्याला ती मागायचा हक्क आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांत आहे की पेशंटनं मागितलं तर ७२ तासांत कागद द्यायचे, आणि भरती झालेल्यांचे रेकॉर्ड किमान तीन वर्षं ठेवायचे. पप्पांना २०११ ला हे कोणी सांगितलं असतं तर सात महिन्यांच्या रजा वाचल्या असत्या. तुमच्या घरी कोणी दवाखान्यातून आलं असेल तर आज डिस्चार्ज कार्ड वाचा. बाजू बघा, डावं की उजवं. बोट असेल तर कोणतं.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. मागच्या महिन्यात बहीण घरी आली होती. नोकरीला लागून तिला थोडेच दिवस झालेत. चहा झाला, आईनं भजी केली होती. ती सांगत होती की परवा वॉर्डातून एक फाइल आली, कंपनीतला अपघात. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं, ‘बोट तुटले’. बास. कोड द्यायला तेवढं पुरेसं होतं, एस ६८.१, झालं काम. पण हिनं फाइल घेतली आणि तीन मजले चढून सर्जनच्या केबिनपाशी जाऊन उभी राहिली. ऑपरेशन थिएटरच्या घाईत होते ते. हिनं विचारलं, ‘सर, कोणतं बोट?’ ते चिडले. म्हणाले, ऑपरेशन नोटमध्ये आहे की. ही म्हणाली, ‘सर, पेशंट घरी कार्ड नेतो, नोट नाही नेत.’ त्यांनी पेन काढला आणि लिहिलं. हात, बोट, किती पेरं, सगळं.

पप्पा तिथेच खुर्चीत बसलेले होते. मला वाटलं टीव्ही बघतायत. त्यांनी डाव्या हातानं कप खाली ठेवला आणि विचारलं, ‘कोणतं होतं गं?’

ती म्हणाली, ‘ते नाही सांगता यायचं, काका.’

पप्पा हसले. बऱ्याच दिवसांनी असे हसले. मग म्हणाले, भजी घे अजून.

चला, थांबतो. दुसरी पाळी सुटली, खाली गाड्यांचा आवाज सुरू झालाय. प्रश्न असतील तर लिहा, पुढच्या भागात बोलू. नमस्कार.